कवळीच्या डबीतलं बटण

माझ्या नणंदेने आयुष्यभर लोकांचे दात घडवले, पण स्वतःच्या जिभेला कधी लगाम घातला नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणत असे, तेव्हा आता त्या नसताना लिहायला मला काही संकोच नाही. आम्ही एकाच घरात राहायचो. खाली वन्सं आणि दाजी, वर मी आणि वन्संचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा. जिना घराच्या मधोमध होता. खालचा शब्द वर यायला क्षणही लागत नसे, आणि वर आलेला शब्द ऐकून न ऐकल्यासारखं करण्याइतकी मी साधी कधीच नव्हते.

खालची पुढची खोली म्हणजे वन्संचं कामाचं ठिकाण. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, ओळीने लावलेल्या कोरण्या, कोपऱ्यात पॉलिशची मोटर. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरची तोंडं मांडलेली असत, कुणाचं वरचं, कुणाचं खालचं. गावातले पाच डॉक्टर साचे पाठवायचे आणि वन्सं त्यावरून कवळ्या करून द्यायच्या. हिरड्यांचा गुलाबी रंग ज्या पातळ औषधातून यायचा त्याला इतका उग्र वास असे की माझ्या वरच्या खोलीतल्या चादरीही त्याने भरायच्या. तेव्हा मी नाक मुरडत असे. आता दातांच्या डॉक्टरकडे गेले की आतल्या दाराजवळची खुर्ची धरून बसते, तो वास जरा मिळावा म्हणून.

प्रत्येक साच्याबरोबर एक छापील चिठ्ठी यायची. रुग्णाचं नाव, वय, कुठला दात, शेड म्हणजे दाताचा रंग, आणि काय करायचं. कोऱ्या चिठ्ठ्यांचं एक जाड पॅड वन्संकडेही होतं. वरच्या दाताखाली खालचा दात कुठे जास्त टेकतो हे पाहायला त्या मध्ये निळा कागद धरायच्या. जिथे निळा डाग उमटेल तिथे घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा घासायचं. शेवटचा डाग जाईपर्यंत त्या जेवायला उठत नसत. बोलण्यातही त्यांचं तेच. कुठे काही टोचतंय असं दिसलं की घासायला बसल्याच, समोरचा माणूस कळवळला तरी.

दाजी बस चालवायचे. सव्वीस वर्षं एकच मार्ग, स्टेशनपासून मोठ्या इस्पितळापर्यंत आणि परत. प्रवाशांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘सावकाश’. त्यांच्या बसमध्ये उभ्याने चहा पिता येतो म्हणायचे. एक म्हातारी तर दोन बस सोडून दाजींच्या बसची वाट बघत थांबायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण मी त्याच इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर होते. लोकांचे फोन एकमेकांना जोडून देणं हे माझं काम. तेच काम पुढे घरातही माझ्या गळ्यात पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

झालं असं की एका सकाळी दाढी करता करता दाजींना फिट आली. आरशाखाली पडले, हातपाय झाडले, दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर दाजी वन्संना म्हणाले की एकदाच झालंय, पुन्हा होणार नाही, दोन वर्षं तर राहिलीत, डेपोत कुणाला कळता कामा नये. वन्संनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्या हातातली कवळी अर्धी ठेवून डेपोत गेल्या आणि मॅनेजरला सगळं सांगून आल्या.

दाजींना गाडीवरून उतरवलं. चौकशीच्या खिडकीत बसायला खुर्ची दिली. तिथे ते चार दिवस बसले, पाचव्या दिवशी राजीनामा देऊन घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. माझ्याशी बोलत, मेहुण्याशी बोलत, पेपरवाल्याशी तर अर्धा तास बोलत. फक्त वन्संशी नाही. जेवायला वाढलं की जेवत, ताट उचलून ठेवत, आणि काही हवं असलं तर जिन्याखाली उभे राहून म्हणत, “वहिनी, तुमच्या नणंदेला सांगा, गोळ्या संपल्यात.” नणंद तीन हातांवर उभी. मी वरून ओरडून सांगायची, “वन्सं, गोळ्या संपल्यात.” त्या म्हणायच्या, “त्यांना सांग, आणून ठेवल्यात.” दिवसभर बोर्डावर बसून आल्यावर हा आणखी एक बोर्ड. माझा नवरा म्हणे, तू मध्ये पडू नकोस. मी म्हटलं, मी पडले नाही, मला पाडलंय.

पाच महिने हे असं चाललं. या दोघांचं बोलणं पुन्हा सुरू होतं की नाही, घरात दुसरा विषयच उरला नव्हता. मी रोज खाली डोकावायची आणि तसंच वर यायची.

मग एक दिवस वन्संनी ती गाडी आणली. त्यांच्या पाचांतल्या एका डॉक्टरने हौसेने घेतलेली आणि दोनदा आपटून अडगळीत टाकलेली. मी आधी खेळणं समजले. पण तिला दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाएवढी, उघड्या सांगाड्याची, ओबडधोबड जमिनीवर पळणारी बग्गी. आत गवत कापायच्या यंत्रासारखं पेट्रोलचं इंजिन, दोरी ओढून चालू व्हायचं. हातातल्या रिमोटला बोटाने दाबायचा घोडा, तो वेगाचा, आणि बाजूला वळवायला छोटं चाक. पुढचा एक हात मोडलेला, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारी पट्टी. मागचे शॉक, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, तेल गाळत होते. वन्संनी ती दाजींच्या खुर्चीसमोर वर्तमानपत्र अंथरून ठेवली आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांग, बसमधून उतरवलं म्हणून ड्रायव्हर ड्रायव्हरच राहतो. ही चालवायला कुणी मनाई करत नाही.”

मी सांगितलं. दाजींनी वर्तमानपत्राकडे पाहिलं, ते कालचं आहे म्हणाले आणि आत गेले. नऊ दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. दहाव्या दिवशी दुपारी मी लवकर घरी आले तर दाजी जमिनीवर पालथे पडून गाडीच्या पोटाखाली बघतायत. मला पाहून उठले नाहीत. संध्याकाळी वन्संच्या टेबलावर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या तारेला, एक नवी चिठ्ठी अडकवलेली होती. रुग्णाचं नाव: गाडी. वय: माहीत नाही. कुठला दात: मागचा डावा शॉक. शेड: चालेल ती. काय करायचं: गळतो, बघावा.

वन्संनी ती चिठ्ठी वाचली, डॉक्टरांच्या कामांच्या वर लावली आणि शॉक खोलायला घेतला. त्या दिवसापासून माझा घरचा बोर्ड बंद पडला. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं.

त्या चिठ्ठ्या मी नंतर मोजल्या नाहीत, पण एक बुटांचं खोकं भरलं होतं. सव्वीस वर्षं चाकामागे बसलेल्या माणसाला गाडीचं दुखणं आवाजावरून कळायचं. ते लिहायचे आणि वन्सं करायच्या. मोडलेल्या हाताच्या जागी त्यांनी कवळीच्याच गुलाबी द्रव्याचा नवा हात घडवला, मेणाचा साचा करून, पॉलिश करून, आरपार चकाकणारा. मागच्या अंगणात पहिल्या उडीत त्याचे सहा तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: हे चावायला ठीक, पडायला नाही. वन्संचं तोंड उतरलं. मग त्यांनी अर्धी कवळी बसवायला जो टणक धातू ओततात तो काढला आणि त्याचा हात ओतला. तो शेवटपर्यंत मोडला नाही.

पण त्यांची खरी फजिती वेगळीच झाली. वन्संनी गाडीतला एकूण एक सांधा खोलला, प्रत्येक खिळीला निळा कागद लावला आणि सगळं इतकं चोख बसवलं की चाक हलवलं तर खडखड म्हणून नाही. माझ्या नवऱ्याला बोलावून दाखवलं. मलाही दाखवलं. डॉक्टर साचा परत पाठवायला घाबरावेत असं काम होतं ते. अंगणातल्या मातीत गाडी दोन फेऱ्या धावली आणि चारही चाकं ताठ झाली. बारीक वाळू सांध्यांत शिरली, तिला मागे सरायला जागाच नव्हती. दाजी हसले. बायकोसमोर हसले, म्हणजे तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघून, पण हसले. चिठ्ठीवर लिहिलं: गाडीला थोडी हालचाल लागते. कवळी नव्हे. कागद एकदा घडी घालून मावेल इतकी जागा सोडावी. वन्संना रात्रभर पटलं नाही. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे सांधे पुन्हा सैल केले, तोंडाने पुटपुटत.

किती गोष्टी बदलल्या त्या गाडीत. हवा घ्यायच्या तोंडाला तेलात भिजवलेला स्पंज आणि वर माझा जुना पायमोजा ताणून बसवला, धूळ जाऊ नये म्हणून. चाकं वळवणारी मोटर होती ती कमजोर म्हणून दुप्पट ताकदीची घातली. मागे रुंद टायर, पुढे अरुंद. दाजींनी एकदा लिहिलं की उलटली तर आतल्या माणसाचं काय, वर नळ्यांचा पिंजरा पाहिजे. आत माणूस नसतो हे त्यांना सांगायची सोय नव्हती. वन्संनी पिंजरा केला, आणि आत माणूसही केला, गुलाबी, वीतभर, उरलेल्या दातांतले बत्तीस दात तोंडात बसवून. रस्त्याने येणारी-जाणारी माणसं खिडकीतून तो हसरा ड्रायव्हर बघायला थांबायची. मला विचाराल तर तो पहिल्यापासून जरा भीतीदायकच होता.

बंद पडलेल्या पाइपांच्या कारखान्यामागे मोठं मैदान होतं. दर रविवारी सकाळी तिथे सात-आठ जण आपापल्या अशा गाड्या घेऊन जमायचे. त्यांचा म्होरक्या एक वेल्डर होता, दारं-खिडक्यांच्या जाळ्या करणारा, अंगाने आडवा आणि बोलायला मऊ. त्याने लाकडी फळ्यांचा एक उंच ओटा केला होता. त्यावर सगळ्यांनी रिमोट घेऊन उभं राहायचं आणि खाली गाड्या फिरवायच्या. आज तिथे चार मजली घरं आहेत. मी कधी तिथून गेले तर रिक्षावाल्याला उगीच हळू घ्यायला सांगते.

दाजी ओट्यावर चढले आणि पहिल्याच वळणाला त्यांची गाडी कुंपणात घुसली. कारण साधं होतं. गाडी समोरून आपल्याकडे येत असली की डावं उजवं होतं. या माणसाने जन्मभर गाडीच्या आत बसून डावं-उजवं केलेलं, त्यांना ते बाहेरून करता येईना. तीन रविवार कुंपण झालं. चौथ्या रविवारी ते ओट्यावरून उतरले आणि रिमोट धरून गाडीच्या मागे चालायला लागले. गाडी वळली की हे वळायचे, गाडी लांब गेली की धापा टाकत पळायचे. लोक हसले. वेल्डर म्हणाला, असू द्या, फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांपासून जपा. आणि दाजी जपायचेच. मागून कुणी आलं की बाजू देत, वळणाआधी वेग कमी करत, एकदा तर बिनकामाचे थांबले, विचारलं तर म्हणाले, “इथे थांबा असायला हवा होता.” घरातून बाहेर न पडणारा माणूस रविवारी सकाळी दोन-दोन तास उन्हात पळत होता. मी आणि वन्सं कडेला पाइपवर बसून बघायचो. वन्संच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, पण सुट्टीच्या दिवशीही त्या केस विंचरून, बरी साडी नेसून यायच्या.

मला वाटलं होतं आता गाडी रुळावर येतेय, आज ना उद्या बोलतील. आणि नेमकं तेव्हा ते क्लचचं प्रकरण निघालं.

दाजींची चिठ्ठी आली: क्लच जळतो. रबर जळाल्यासारखा वास. वन्संनी क्लच खोलला. आतलं सगळं कोरंकरकरीत. पंधरा दिवसांनी पुन्हा चिठ्ठी: क्लच जळतो, वास जास्त. पुन्हा खोलला, पुन्हा काही नाही. त्या वेळी वन्सं टेबलाशी बराच वेळ नुसत्या बसून होत्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच वेळी सांगून ठेवलं होतं की काही जणांना फिट यायच्या आधी असा नसलेला वास येतो. म्हणजे गोळ्या असूनही ती आत कुठेतरी अजून होती, आणि मैदानावर, रिमोट हातात असताना यायला बघत होती. त्यांनी दाजींच्या चिठ्ठीखालीच लिहिलं: क्लच ठीक आहे. वास तुम्हाला येतो. आणि ती तारेला लावून ठेवली.

दाजींनी ती वाचली आणि फाडून टाकली. पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी गाडी खांद्यावर घेऊन निघाले. वन्सं त्यांच्या आधीच मैदानावर पोचल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा वेल्डर खाली मान घालून उभा होता. दाजींना बाजूला घेऊन तो म्हणाला की गाडी तेरा किलोची आहे, पन्नासच्या वेगाने जाते, आणि बोट घोड्यावर आवळलेलं राहिलं तर काय करायचं. कुणीतरी दुसऱ्याने बंद करता येईल अशी सोय केल्याशिवाय आपण चालवू नये, राग मानू नका. दाजींनी राग मानला की नाही ते कळलं नाही. त्यांनी गाडी उचलली आणि घरी गेले.

मला मात्र राग आला. वाटेत मी वन्संना फैलावर घेतलं. एकदा त्यांची नोकरी घालवलीत, आता हेही घालवलंत, तुम्हाला गप्प बसायला काय होतं, असं मी भर रस्त्यात विचारलं. वन्सं थांबल्या. त्या माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज अगदी खाली होता.

“लोकांची लेकरं असतात मैदानावर. बसमध्येही होती. ते माझ्याशी बोलले नाहीत तरी मी जगेन. पण त्यांच्या हातून कुणाला काही झालं, तर ते स्वतःशीही बोलणार नाहीत कधी. ते मला बघवणार नाही.”

मी तोंड आवरलं. घरी येईपर्यंत आवरलेलंच ठेवलं.

त्या आठवड्यात वन्संनी डॉक्टरांची कामं मागे टाकली, जे त्यांनी एरवी कधी केलं नसतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे दोन दुपारी बसून त्यांनी दुसरा छोटा रिमोट जुळवून आणला. त्याला एकच बटण. ते दाबलं की इंजिनाची ठिणगी तुटायची आणि गाडी जागीच थांबायची. हे सगळं त्यांनी कवळी ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं, झाकणाला भोक पाडून, बटण वर. आणि चिठ्ठी लिहिली. या वेळी त्यांनी लिहिली, दाजींना. रुग्ण: ड्रायव्हर. वय: अठ्ठावन्न. काय करायचं: बटण. कुणाच्या हातात द्यायचं ते लिहावं.

चार दिवस चिठ्ठी तशीच होती. मी जाता-येता बघत होते, नाही म्हणत नाही. पाचव्या दिवशी तिच्यावर एकच शब्द होता: वेल्डर.

वन्संनी डबी पुसली, फडक्यात गुंडाळली आणि रविवारी वेल्डरच्या हातात दिली, कसं दाबायचं ते दाखवलं. त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली. मग दाजी पुन्हा गाडीमागे धावायला लागले आणि आम्ही दोघी पुन्हा पाइपवर. मी म्हटलं, वन्सं, निदान चालवतायत तरी. त्या म्हणाल्या, हो. पण त्यांचं लक्ष गाडीकडे नव्हतं. त्या पूर्ण वेळ दाजींच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ऊन चांगलं तापलं होतं, गाडी कधी नव्हे इतकी छान धावत होती. दाजी आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होते. समोर मोकळं मैदान, कुणी आडवं नाही, काही नाही. ते चालता चालता थांबले. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. मग मान आमच्याकडे वळवली.

“अगं,” ते म्हणाले, “बंद कर.”

चौदा महिन्यांत त्या घरात ‘अगं’ ऐकू आलं नव्हतं. वेल्डर ओट्याखाली उभा होता, त्याला कळेना की हे कुणाला म्हणतायत, डबी तर आपल्या खिशात. त्याचा हात खिशाकडे जाईपर्यंत वन्सं पाइपवरून उठून त्याच्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी त्याच्या खिशात हात घातला, डबी ओढून काढली आणि बटण दाबलं. खिसा फाटला. लांबवर इंजिन बंद झालं आणि धूळ खाली बसायला लागली. दाजींनी रिमोट सावकाश जमिनीवर ठेवला, स्वतः खाली बसले, आणि आडवे झाले.

मग फिट आली. वन्संनी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सारली. कुणीतरी दातांत चमचा घालायला पुढे झालं, त्याच्या हातावर त्यांनी फाडकन मारलं. “तोंडात काही घालायचं नाही. दात माझ्या धंद्यातले आहेत, मला कळतं.” बाकी सगळे लांब उभे राहिले. मला आठवतं, मी मोजत होते, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. दोनशे दहापर्यंत आले तेव्हा ते शांत झाले.

डोळे उघडले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, गाडी कुठे आहे. वन्सं म्हणाल्या, उभी आहे तिकडे, कुणाला लागली नाही. मग दाजी बोलले, हळू, जीभ अजून जड होती, पण एकेक शब्द ऐकू येत होता.

“हा वास बसमध्येही आला होता. दोनदा. क्लच जळतोय म्हणून मी वर्कशॉपला लिहून दिलं. त्यांनी दोनदा खोलला, काही निघालं नाही. मागे त्रेचाळीस माणसं होती.” त्यांनी वन्संकडे पाहिलं. “तू डेपोत गेलीस ते बरं केलंस. मी गेलो नसतो.”

वन्संनी त्यांच्या कपाळावरची माती पुसली. पुन्हा पुसली. माती केव्हाच निघाली होती.

“चौदा महिने लागले तुम्हाला एवढं बोलायला,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. माझ्या नणंदेला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. त्या मोठ्याने, नाक ओढत, सगळ्यांसमोर रडल्या आणि मधेमधे वेल्डरला म्हणत होत्या की खिसा मी शिवून देईन.

तासाभराने दाजी चालू शकले. वेल्डर गाडीने सोडतो म्हणाला, दाजींनी नको म्हटलं. माझ्या नवऱ्याने बग्गी खांद्यावर घेतली आणि पुढे निघाला. त्याच्या मागून ही दोघं. वन्संनी दाजींचा दंड धरला होता आणि दाजी बोलत होते. हातवारे करून, थांबून, पुन्हा चालायला लागून. चौदा महिन्यांचं साठलेलं होतं, संपता संपत नव्हतं. वन्सं नुसत्या ऐकत होत्या, ज्या बाईने कधी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही त्या.

काय बोलत होते ते मला माहीत नाही. मी मुद्दाम मागे राहिले. चपलेचा अंगठा तुटल्याचं नाटक केलं, एका दुकानापाशी उगीच थांबले, आणि पुन्हा त्यांच्या जवळ जायला लागले तशी आणखी सावकाश झाले. उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून मी मागे राहिले ती तेवढी एकच वेळ.